मांजरीच्या नावाने वाघबकरी

माझ्या सासऱ्यांना रात्री झोप येत नसे आणि दिवसा ती जात नसे.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे गेले आहे. मुलाकडे राहते, घरापासून फार लांब, आणि पहाटे तीनला टक्क जागी होते. इथला डॉक्टर म्हणजे पोरगेलाच आहे. तो म्हणाला, "आजी, दिवसा झोपू नका, काहीतरी छंद लावून घ्या." मला हसू आलं. त्याला वाटलं, आजीला पटलं नाही. पटलं होतं हो. पण हेच औषध मी सोळाव्या वर्षी दुसऱ्या माणसाला दिलेलं, तेही तोंडातून एक शब्द न काढता. ते कसं, एवढंच लिहायला बसले आहे. चौथी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, सांभाळून घ्यावं.

माझं माहेर तापीकाठचं. गावात शाळा चौथीपर्यंत, पुढची शाळा पलीकडच्या गावी, आणि नदी ओलांडून पोरीला कोण धाडतो? म्हणून शिक्षण तिथेच थांबलं. लग्न झालं ते पार वाशीमपलीकडे, अनसिंगच्या बाजूला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. भुसावळला मोठी गाडी, अकोल्याला ती सोडून छोटी गाडी, वाशीमला उतरून मोटार आणि मोटारीतून उतरलं की बैलगाडी. त्या वाटेत मी चार वेळा रडले. दर वेळी गाडी बदलली की नव्याने.

स्वभावाने मी पहिल्यापासून घोर करणारी. चूल विझली का हे तीनदा बघणार, मग ती का विझली म्हणून काळजी करणार. अशा बाईला सासर चांगलं मिळालं हे देवाचे उपकार. घरात माणसं चार. सासरे, त्यांना मी मामाजी म्हणे. सासूबाई, म्हणजे आत्याबाई. माझे मालक. आणि मी. पाचवी एक पिवळी मांजर, तिला नाव नव्हतं. तिला सगळे मांजरच म्हणत.

तर मामाजींची झोप.

मामाजींनी तीस-पस्तीस वर्षं शेतात जागल केली होती. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की रानडुकरं येतात. मग शेताच्या मधोमध चार बल्ल्यांवर माळा बांधायचा, रात्रभर त्यावर बसायचं, डबा वाजवायचा, हाका द्यायच्या. दसऱ्यापासून हरभरा निघेपर्यंत मामाजींची रात्र माळ्यावर आणि दिवस झोपेत. मी यायच्या आदल्या साली उतरताना त्यांचा पाय शिडीवरून सटकला आणि गुडघा कायमचा दुखरा झाला. तेव्हा लेकाने बजावलं, "बाबा, आता तुमी घरीच झोपा. जागल मी करतो." त्यांच्यासाठी नवी बाज विणली, नवी वाकळ शिवली, वाऱ्याच्या झोताबाहेर माजघरात जागा दिली. सगळं सुख दिलं. झोप तेवढी कुणाला देता येईना.

पावसाळ्यात ठीक होतं. पण शिवारात कणसं भरली आणि मामाजींच्या अंगाला ते न सांगता कळलं. दसऱ्याच्या दुसऱ्याच रात्री, सगळं सामसूम असताना, माजघरातून आरोळी उठली, "हाऽऽ हुर्रऽऽ! हो हो हो!"

मी दचकून उठले, हात लागून उशाचा तांब्या पडला. तांब्याच्या आवाजाने गावातली कुत्री उठली. कुत्र्यांमुळे गाव उठलं. शेजारचे आबाजी, मामाजींचे लहानपणचे सोबती, काठी घेऊन दारात.

"काय झालं बे? चोर हाय का?"

"डुकरं," मामाजी अंधारात म्हणाले.

"घरात?"

मामाजींनी हात लांबवून भिंत चाचपली. मग म्हणाले, "घरात नाई. शेतात असतीन."

"मंग शेतातल्या डुकराले घरातून काहून हाकलून राह्यला बाप्पा? थे काय तुहे पाव्हने हायेत का, इथून आवाज देल्लं की उठून जातीन?"

त्या दिवसापासून रोज हेच. रात्री दोन-तीनदा "हुर्र". पहाटे आत्याबाई आणि मी जात्यावर बसलो, जात्याची घरघर सुरू झाली, की मामाजींना गाढ झोप. मग दिवसभर ते बाजेवर आडवे. आत्याबाईंचे डोळे सुजले. मालक रात्री शेतात जागत आणि दिवसा घरी येऊन पाठ टेकावी तर माजघरात बाप घोरतोय. एकदा ते गाडीवर बसल्या बसल्या झोपले. बैल शहाणे. ते सरळ अनसिंगच्या बाजारात गेले आणि नेहमीच्या झाडाखाली उभे राहिले. त्या दिवशी बाजारही नव्हता.

या सगळ्यात माझी पहिली दिवाळी गेली. पहिली दिवाळी माहेरी, हा सगळीकडचा रिवाज. भावाचं कार्ड आलं होतं. आत्याबाई मला म्हणाल्या, "कपाशी फुटून राह्यली, घरात झोप नाई, मी एकटी कुठं कुठं मरू व माय? संक्रांतीवर धाडतो तुले. यायची झोप बसली की धाडतो." यायची, म्हणजे मामाजींची. त्या वाईट बोलल्या नाहीत. उलट जवळ घेऊन बोलल्या. मी मान डोलावली आणि मागच्या खोलीत जाऊन ज्वारीच्या कणगीआड रडून घेतलं. त्या दिवसापासून माझं माहेर मामाजींच्या डोळ्यांवर टांगलेलं होतं.

कारंज्याचे एक वैद्य पंधरवड्याने बाजाराला येत. त्यांना दाखवलं. त्यांनी नाडी पाहिली, रात्री काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळा म्हणाले, जायफळ उगाळून द्या म्हणाले. उठता उठता म्हणाले, "आणि खरं औषध हे, की म्हाताऱ्याला दिवसा झोपू देऊ नका. मन कशात तरी गुंतवा."

तूप चोळलं, जायफळ दिलं. जायफळाने आत्याबाईंना चांगली झोप लागली, कारण कडू लागतं म्हणून मामाजींनी उरलेलं त्यांना दिलं. आता राहिलं खरं औषध. पण वेचणीचे दिवस. आत्याबाई सकाळी रानात जायच्या त्या दिवस कलल्यावर यायच्या. घरी फक्त मी.

"तू यायले झोपू देऊ नको," आत्याबाई म्हणाल्या.

"मी कशी?" मी घाबरून म्हटलं.

माझी अडचण खरी होती. सुनेने सासऱ्यांसमोर बोलायचं नाही, हा तिकडचा कडक रिवाज. तोंड दाखवायचं नाही, पदर नाकापर्यंत, आवाज ऐकू जाता कामा नये. पाणी हवं असेल तर ते खाकरत आणि मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरकत असे. आठ महिन्यांत आमच्यात एक शब्द झालेला नव्हता. न बोलता, न दिसता एका माणसाला जागं कसं ठेवायचं?

आत्याबाईंनी डोक्याला फडकं बांधलं आणि सोपं करून सांगितलं, "बोलू नको. पन झोपूबी देऊ नको." आणि गेल्या.

मग मी आवाजाचा मार्ग धरला. उखळात मिरच्या कुटल्या. मामाजी झोपले. सुपाने तूर पाखडली, सूप मुद्दाम आपटून. मामाजी झोपले. पितळी पातेलं हातातून "पडलं", तेही दोनदा. मामाजींनी कूस बदलली आणि जास्त गाढ झोपले. पातेल्याला पोचा आला, तो मी आतून बोटाने दाबून काढायचा प्रयत्न केला आणि मग त्याचीच काळजी करत बसले.

चौथ्या दिवशी मी हरले. हात दुखत होते. माजघराच्या उंबऱ्याशी, माझ्या खोलीच्या बाजूने, मी भिंतीला टेकून नुसती बसले. चुलीतला एक कोळसा हाती आला. जमिनीवर रेघा ओढू लागले. घर एकदम शांत झालं.

आणि मामाजी उठून बसले. "कोन हाय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पस्तीस वर्षं ज्या माणसाने डबा वाजवत, पानांची सळसळ ऐकत रात्र काढली, त्याला आवाज म्हणजे सगळं ठीक आहे अशी खात्री. डुकरं येतात ती आवाज थांबला की. म्हणून जात्यावर झोप आणि सामसुमीत "हुर्र". मी हे रात्री आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय तुहं. पन रातभर जातं कोन वढन, तू का मी?" तेही खरंच होतं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मामाजींनी मान वाकवून उंबऱ्याकडे पाहिलं. मी पदर ओढला, पण कोळशाच्या रेघा झाकायच्या राहिल्या. मी वाघबकरीचा पट काढला होता. शाळेच्या ओट्यावर आम्ही मधल्या सुट्टीत खेळायचो तो. शाळेने मला अक्षरं दिली आणि वाघबकरी दिली; दोन्ही जन्मभर पुरली. हा खेळ सोपा. दोन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघाने बकरीवरून उडी मारली की बकरी मेली. बकऱ्यांनी मिळून वाघाला चहूकडून कोंडलं की वाघ हरला.

मामाजी बाजेवरून उतरले, काठी टेकत आले आणि उंबऱ्याच्या पलीकडे बसले.  उठून जावं तर पट पुसायला हवा, पट पुसावा तर हात दिसणार. मांजर मधे उंबऱ्यावर पसरली होती. मामाजींनी तिच्याकडे पाहिलं.

"मांजरे," ते म्हणाले, "हा पट चुकीचा मांडला व कोनी तरी. मधातली आडवी रेघ राह्यली."

 मग माझा कोळसा हळूच पुढे झाला आणि मी रेघ ओढली. आमच्याकडे ती रेघ नसते. पण म्हटलं, असू दे, सासरच्या वाघाला सासरची रेघ.

"आता ठीक," मामाजी मांजरीला म्हणाले. "सांग, वाघ माहे."

असा आमचा खेळ सुरू झाला. पट उंबऱ्याला लागून, मी आत दाराआड, ते बाहेर. फक्त माझा उजवा हात पुढे यायचा, चिंचोका सरकवायचा आणि मागे जायचा. चिंचोके बकऱ्या, कौलाचे दोन तुकडे वाघ. बोलायचं सगळं मांजरीशी, आणि ते फक्त मामाजींनी. मी बांगड्यांनी उत्तर द्यायचे. एकदा खळ्ळ म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तीनदा मी एकदाच वाजवल्या, जेव्हा त्यांनी वाघाला तिरकी उडी मारायला लावली.

"मांजरे, इकडं तिरपी उडी चालते म्हना."

खळ्ळ खळ्ळ.

"तापीच्या वाघाले गुडघे दुखत असतीन. आमचा वाघ उडते."

खळ्ळ खळ्ळ खळ्ळ!

मामाजी हसले. मी आठ महिन्यांत त्यांचं हसू पहिल्यांदा ऐकलं. वाघ त्यांनी मागे घेतला. मागे घेताना म्हणाले, "मांजर लय भांडखोर हाय."

त्या दिवशी दुपार कशी गेली कळलं नाही. मामाजी एकदाही आडवे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन ते आपणच उंबऱ्याशी आले आणि खाकरले. मी सवयीने तांब्या ठेवला. त्यांनी तांब्या बाजूला सारला. "मांजरे, पानी नाई पाह्यजे. बकऱ्या पाह्यजेत."

एक दिवस आबाजी आले. मामाजी जमिनीवर बसलेले, समोर पट, पलीकडे कुणी दिसत नाही, उंबऱ्यावर मांजर.

"काय बे, कोनासंग खेयून राह्यला?"

"मांजरीसंग," मामाजी शांतपणे म्हणाले.

आबाजींनी खाली वाकून पाहिलं. तेवढ्यात दाराआडून बांगड्यांचा हात आला, बकरी सरकवून गेला. आबाजी जुन्या पिढीचे. त्यांनी हात पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. "हे बाकी मांजर लय शिकलेली दिसते," म्हणाले, "मले एक डाव दे."

आबाजी तीन डाव खेळले आणि तिन्ही हरले. उठताना त्यांनी धोतर झटकलं आणि म्हणाले, "तुह्या मांजरीनं माह्या वाघाचा पार बोका केला." ही गोष्ट त्यांनी गावभर केली. दोन दिवसांनी आणखी एक म्हातारा आला, मग आणखी एक. दुपारी आमच्या माजघरात चार-पाच पागोटी. सगळे मांजरीशी बोलत, मांजरीला चिडवत, मांजरीला हरवायची पैज लावत. एकाने तर घरून येताना वाटीभर दूध आणलं. "मांजरीले लाच," म्हणाला. मांजरीने दूध प्यायलं आणि मी त्याला हरवलं.

मला मात्र रोज धाकधूक. हे बरोबर आहे का? रिवाज मोडला म्हणतील का? सुनेने सासऱ्यांशी खेळायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, पण खेळायचं असंही कुणी सांगितलं नव्हतं. आणि एका दुपारी पाऊलवाटेवरून आत्याबाई लवकर आल्या. डोक्यावर कापसाचं गाठोडं, दारात उभ्या. म्हातारे पटापट उठले, जोडे शोधू लागले. मी भिंतीला चिकटले.

आत्याबाईंनी गाठोडं उतरवलं. पट पाहिला, चिंचोके पाहिले, माझ्याकडे पाहिलं.

"बोलली का तू?"

मी मान हलवली. नाही.

"तोंड दिसलं?"

नाही.

"आन हे झोपले का?"

नाही.

"मंग ठीक हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

आठवडाभरात रात्रींत फरक पडला. "हुर्र" तीनदाचं दोनदा झालं, दोनदाचं एकदा. मग एका रात्री आरोळी आलीच नाही. मी त्या रात्री जागी होते. ती का येत नाही या काळजीने. त्याऐवजी मामाजींचं घोरणं ऐकू आलं. त्यांचं घोरणं मोठं विचित्र होतं. तीन-चार जोरदार ओढ्या, मग एकदम गप्प. इतका वेळ गप्प, की मी अंथरुणात उठून बसे, मनात म्हणे, देवा, श्वास चालू दे यांचा. आणि मग छोट्या गाडीच्या इंजिनाने वाफ सोडावी तशी फुस्स, आणि पुन्हा सुरू. महिनाभर मी ते ऐकलं. त्या मधल्या गप्पची मला जितकी भीती वाटे तितकी डुकरांचीही कधी वाटली नाही. पण मामाजी झोपत होते. आत्याबाईंच्या डोळ्यांची सूज उतरली. मालक दिवसा दोन घटका पाठ टेकू लागले आणि बैल पुन्हा आपल्याच शेतात जाऊ लागले.

भावाचं कार्ड आलं. संक्रांतीची कर झाली की घ्यायला येतो. मागच्या खोलीत मीच ते हळू आवाजात वाचून दाखवलं. वाचताना आवाज इतका थरथरला की मालकांना वाटलं, काही वाईट बातमी आहे.

आत्याबाई तीळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. "आता तू गेली त यायले खेयवीन कोन?" त्या म्हणाल्या. "तुह्या खेयावरच त झोप बसली यायची. तू गेली की पुन्हा हुर्र."

बघा, कशी गंमत. झोप नव्हती म्हणून जाता येत नव्हतं, आता झोप आली म्हणून जाता येत नव्हतं. मीही तीळ निवडायला बसले. पण तीळ निवडता निवडता माझ्या डोळ्यांतून टपकन पडलं, आणि ते आत्याबाईंना दिसलं. त्यांचं मन मऊच होतं. त्यांनी तोडगा काढला.

"तुहा भाऊ येऊ दे. दुसऱ्या दिवशी खेयू नको. न खेयता हे एक रात झोपले, त सकाळी खुशाल जाय. उठून ओरडले, त मंग होळीवर पाहू."

हे बोलणं त्या हळू आवाजात बोलल्या. माजघरात मामाजी मांजरीला खाजवत बसले होते.

भाऊ आला. त्याला पाहून मला आईच आल्यासारखं वाटलं. तिचंच नाक आहे त्याचं. दुसरा दिवस खेळाविना गेला. भाकरी खाऊन मामाजी उंबऱ्याशी आले. मी पट पुसून टाकलेला. ते खाकरले नाहीत, काही नाही. मांजरीला म्हणाले, "आज सुट्टी हाय व तुले," आणि बाजेवर जाऊन बसले. नुसते बसले. दुपारभर खिडकीतून बाहेर बघत. मी आतून देवाला म्हणत होते, यांना आत्ता झोप येऊ देऊ नको, आणि रात्री येऊ दे. देवालासुद्धा वेळापत्रक द्यायला मी कमी केलं नाही.

रात्र झाली. मालक शेतात, भाऊ ओसरीवर, आत्याबाई आणि मी मागच्या खोलीत. मी कान लावून पडले. बराच वेळ काही नाही. मग घोरणं सुरू झालं.

घुर्र. घुर्र. घुर्र. घुर्र.

आत्याबाई अंधारात म्हणाल्या, "झोपले. पाह्य, कसे घोरून राह्यले." आणि त्या समाधानाने झोपल्या.

मी ऐकत राहिले. घुर्र, घुर्र. रहाटाच्या चाकासारखं, एकसारखं. मी त्या गप्पची वाट पाहिली. ती आलीच नाही. मामाजींचं खरं घोरणं मी महिनाभर भीत भीत ऐकलेलं. हे ते नव्हतं. पलीकडे बाजेवर एक म्हातारा डोळे उघडे ठेवून, सामसुमीत, आपण झोपलो असं घराला वाटावं म्हणून स्वतःच आवाज करत पडला होता. ज्याने रात्रभर ज्वारी राखली, तो त्या रात्री माझं माहेर राखत होता.

मी उठून आत्याबाईंना सांगायला हवं होतं. खरं ते खरं. उठले नाही. वाकळीत तोंड खुपसून पडले, रडतही होते आणि हसूही येत होतं, कारण मधेच त्यांना खोकला आला आणि खोकून झाल्यावर त्यांनी पुन्हा तिथूनच, त्याच तालात सुरू केलं. जातं सुरू होईपर्यंत ते थांबले नाहीत.

सकाळी त्यांचे डोळे गुंजेसारखे लाल. आत्याबाई म्हणाल्या, "लय झोप झाली का? डोये पाहा कसे झाले." मामाजी म्हणाले, "लय झोपलो. लय झोपलं की होते तसं." मी पदर घेऊन त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि उंबऱ्याकडे पाहून म्हणाले, "मांजरे, सांग, मोटार चुकन. लवकर निंघा म्हना."

माहेरी पोचले. आईने तेल लावून न्हाऊ घातलं, वांग्याचं भरीत केलं, सगळ्या मैत्रिणी येऊन गेल्या. रात्री आईच्या कुशीत निजले आणि झोप येईना. घर कसं सामसूम. मामाजी आता काय करत असतील? उठून ओरडत असतील का? का रोज रात्री खोटंच घोरत असतील, मी निश्चिंत राहावं म्हणून? म्हातारा माणूस, किती रात्री काढील असा? तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अगं, दहा महिन्यांनी आलीस, आणि तुझं चित्त कुठे आहे?"

पाचव्या दिवशी मालकांचं कार्ड आलं. लिहिण्यात त्यांना फार कष्ट पडत, म्हणून तीनच ओळी. "बाबा रात्री झोपतात. दुपारी आई त्यांच्याशी वाघबकरी खेळते, आणि तीसुद्धा मांजरीशीच बोलते. लबाडी फार करते."

ते वाचून आई हसून हसून बेजार झाली. मी नाही हसले. झोपतात म्हणजे खरं झोपतात का? हे त्यांना कुठून कळणार? शेवटी न राहवून मी उत्तराचं कार्ड लिहिलं. सासरी सुनेने असं काही लिहावं का, याचा विचार केला, दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा लिहिलं. "सगळ्यांना नमस्कार. मामाजी घोरताना मधे मधे थांबतात का, तेवढं कळवावं."

कार्ड पेटीत टाकलं आणि लगेच पस्तावले. कार्ड उघडं असतं. मालक ते मोठ्याने वाचणार, आत्याबाई ऐकणार, मामाजी ऐकणार. आता मामाजींना कळणार, की त्या रात्री मीही जागी होते.

आठ दिवसांनी उत्तर आलं. अक्षर मालकांचं, वाकडंतिकडं, पण शब्द त्यांचे नव्हते. एकच ओळ होती.

"बाबा म्हनतात, मांजरीले सांग, मधे मधे थांबते."

त्या रात्री मी आईकडे पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले.